परत आलेल्या साखरेचीही दखल घ्यावी

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

जागतिक मधुमेह दिनाच्या निमित्ताने आपल्या दैनिकाने काढलेली पुरवणी वाचली. खानदेशातील काही वाचकांनी वजन उतरवून, जेवणाच्या वेळा बांधून आणि रोज चालून टाइप टू मधुमेहाच्या गोळ्या कशा बंद केल्या, याच्या हकिकती तिच्यात आहेत. त्या खऱ्या आहेत याविषयी मला शंका नाही आणि अशा माणसांचे कौतुक व्हायलाच हवे. माझी हयात तालुक्याच्या गावी औषधाच्या दुकानात गेली असल्याने मात्र या हकिकतींचा पुढचा भागही मला ठाऊक आहे, आणि तो सहसा छापला जात नाही. गोळ्या बंद झाल्याचा पेढा दुकानात आणून देणारा माणूस दोन-तीन वर्षांनी परत येतो तेव्हा तो गर्दी ओसरेपर्यंत बाजूला उभा राहतो, घडी घातलेली चिठ्ठी हळूच पुढे करतो आणि जुन्याच गोळीची एक स्ट्रिप मागतो. अनेकदा चिठ्ठीही नसते. साखर परत आली हे त्याला डॉक्टरांना सांगायचे नसते, कारण आपण परीक्षेत नापास झालो असे त्याला वाटत असते.

या पत्राचा विषय हा माणूस आहे. साखर परत वाढणे हा गुन्हा नाही आणि ती पुन्हा ताब्यात येऊ शकते. पण पहिल्या वेळी जे केले तेच मुकाट्याने पुन्हा करणे पुरेसे ठरत नाही, आणि लाजेपोटी जे महिने वाया जातात त्यांची भरपाई डोळे, मूत्रपिंडे आणि पाय यांना करावी लागते. मधुमेहाविषयी लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांनी पहिल्या यशाइतकीच जागा या दुसऱ्या फेरीला द्यावी, अशी माझी विनंती आहे.

साखर परत येणे ही अपवादाची गोष्ट नाही, हे आकड्यांवरूनच दिसते. ब्रिटनमध्ये प्रा. रॉय टेलर आणि प्रा. माइक लीन यांच्या नेतृत्वाखाली ‘डायरेक्ट’ नावाचा अभ्यास झाला आणि त्याचे पहिले निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. निदान होऊन सहा वर्षे उलटली नाहीत आणि इन्शुलिन चालू नाही, अशा रुग्णांच्या गोळ्या थांबवून त्यांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण साडेआठशे कॅलरींच्या आहारावर ठेवण्यात आले, आणि त्यानंतर नेहमीचे अन्न हळूहळू सुरू करण्यात आले. वर्षाअखेर त्यांपैकी ४६ टक्के लोकांची साखर औषधाविना मर्यादेत होती. ज्यांनी पंधरा किलो किंवा त्याहून अधिक वजन उतरवले होते त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होते. आपल्याकडच्या व्याख्यानांत आणि व्हॉट्सअॅपवर हे आकडे सांगितले जातात. दुसऱ्या वर्षाअखेर ४६ चे ३६ टक्के झाले, हे मात्र कोणी सांगत नाही. प्रशिक्षित परिचारिका किंवा आहारतज्ज्ञांची देखरेख असतानाही काहींची साखर परतली, आणि ज्यांची परतली त्यांचे वजन इतरांपेक्षा अधिक वाढलेले होते. तेव्हा धरणगाव किंवा शिरपूरच्या एखाद्या गृहस्थाची साखर कोणत्याही देखरेखीविना परतली, तर त्यात त्याच्या चारित्र्याचा दोष शोधण्याचे कारण नाही.

२०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी एकमताने ठरवलेली व्याख्याही यासंदर्भात लक्षात घेण्यासारखी आहे. साखर कमी करणारी औषधे थांबवल्यावर किमान तीन महिने एचबीए१सी, म्हणजे आपण ज्याला ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतो ती, ६.५ टक्क्यांच्या खाली राहिली, तर मधुमेह विसावला असे मानावे. आणि त्यानंतरही ही तपासणी वर्षातून किमान एकदा करावी, डोळे, पाय व मूत्रपिंडे यांच्या तपासण्या चालूच ठेवाव्यात, असे त्या तज्ज्ञांनी सांगितले आहे. आमच्याकडे मात्र ‘शुगर गयी ना भो, आते गोया कसाले?’ (साखर गेली ना भाऊ, आता गोळ्या कशाला?) या वाक्यापाशी गोळ्यांबरोबर तपासणीही बंद होते, आणि मग साखर परत आल्याचे कळते ते जखम चिघळल्यावर किंवा चष्म्याचा नंबर अकस्मात बदलल्यावर.

साखर परतल्यावर पहिला प्रश्न ‘काय खाल्ले?’ हा विचारला जातो. माझ्या पत्नीची एका गोळीवर अनेक वर्षे सुरळीत असलेली साखर एकाएकी वर गेली तेव्हा घरात सर्वांनी हाच प्रश्न विचारला. डॉक्टरांनी मात्र गेल्या सहा महिन्यांत काय बदलले ते विचारले. बदलले होते ते गुडघे. दुखण्यामुळे तिचे चालणे बंद पडले होते, वजन वाढले होते, आणि गुडघ्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतले होते, ज्याने साखर काही दिवस वाढते. जेवणाचा त्यात फारसा वाटा नव्हता. हाच प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. दम्यासाठी किंवा त्वचेच्या विकारासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत का? सांधेदुखीवर बाजारच्या दिवशी मिळणाऱ्या बेनामी पुड्या चालू आहेत का? त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. दात, लघवीचा मार्ग किंवा फुप्फुसे यांत जंतुसंसर्ग आहे का? मधुमेहात क्षयरोगाचा धोका वाढतो आणि क्षयरोगात साखर वाढते, म्हणून खोकला व बारीक ताप असेल तर थुंकीची तपासणी टाळू नये. रात्रपाळी, मोडलेली झोप, घरातले आजारपण यांनीही साखर हलते. आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाचे वजन काही न करता झपाट्याने उतरत असेल व त्याच वेळी साखर वाढत असेल, तर ‘बारीक झालो, बरे झाले’ असे न म्हणता स्वादुपिंडाची तपासणी करून घ्यावी. स्वादुपिंडाच्या कर्करोगाची ही शक्यता कमी असली तरी दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

अर्थात पुष्कळदा कारण साधेच असते. वजन परत चढते, चालणे सुटते आणि काळाच्या ओघात स्वादुपिंडाची इन्शुलिन बनवण्याची ताकदही कमी होत जाते. या शेवटच्या गोष्टीवर आपला इलाज थोडाच आहे, आणि म्हणूनच पाच वर्षांपूर्वी केवळ आहाराने जमले ते आता गोळीच्या मदतीने जमवावे लागले, तर त्यात हार मानण्यासारखे काही नाही.

तपासणीविषयी खानदेशापुरती एक बाब सांगणे मला आवश्यक वाटते. नंदुरबार जिल्ह्यात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण मोठे आहे. एचबीए१सी ही चाचणी रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात या गृहीतावर उभी आहे. सिकलसेलच्या आजारात या पेशी लवकर नष्ट होतात, त्यामुळे साखर वाढलेली असूनही अहवालात आकडा कमी येऊ शकतो. केवळ वाहक असलेल्यांच्या बाबतीतही काही यंत्रांवर आकडा चुकू शकतो. याउलट लोहाच्या कमतरतेमुळे होणाऱ्या पंडुरोगात, जो आमच्याकडच्या बायकांत घरोघरी आहे, तोच आकडा प्रत्यक्षाहून जास्त दिसू शकतो. तेव्हा अक्कलकुवा-धडगावकडील रुग्णाचा एचबीए१सी चांगला आला म्हणून निश्चिंत होण्याआधी उपाशीपोटीची व जेवणानंतर दोन तासांची साखर पाहावी, आणि लागल्यास गेल्या दोन-तीन आठवड्यांची साखर दाखवणारी फ्रुक्टोसामीनची चाचणी करावी. सिकलसेलचे कार्ड असलेल्यांनी ते मधुमेहाच्या डॉक्टरांना दाखवले पाहिजे; दोन वेगळ्या आजारांच्या दोन वेगळ्या फायली घरात एकमेकींपासून लांब पडून राहतात, असे मी पाहिले आहे.

आता औषधांविषयी, कारण तो माझा प्रांत आहे. जुनी चिठ्ठी काढून जुनीच गोळी स्वतःच्या मनाने सुरू करणे, हा साखर पुन्हा ताब्यात आणण्याच्या वाटेवरचा सर्वांत धोक्याचा प्रकार होय. मधल्या वर्षांत वय वाढलेले असते, मूत्रपिंडांचे काम बदललेले असू शकते. मेटफॉर्मिन स्वस्त आणि भरवशाची गोळी आहे, पण मूत्रपिंडांचे काम ठरावीक पातळीखाली गेल्यास ती देता येत नाही. शिवाय ती वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि पायांच्या मुंग्यांचा दोष मग सरसकट साखरेवर जातो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी तर स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. साखर परतल्याच्या धास्तीने माणूस एकीकडे जेवण निम्म्यावर आणतो आणि दुसरीकडे हीच जुनी गोळी जुन्याच मात्रेत घेतो. परिणामी दुपारी घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा मोजावी आणि गोळीची मात्रा त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावी. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये, त्याला थेट दवाखान्यात न्यावे. एकादशी, श्रावणी सोमवार आणि नवरात्रातील उपवासांतही गोळीचा हाच धोका असतो. त्यातच साबुदाणा आणि भगर हे दोन्ही पिष्टमयच पदार्थ असल्याने, उपवासाने साखर कमी होते हा समज दुपारच्या फराळापर्यंतच टिकतो.

इन्शुलिनविषयीची भीती त्याहून मोठी. साखर तीनशेच्या वर गेली असेल, वजन उतरत असेल, तोंडाला कोरड पडून रात्रीतून चार वेळा उठावे लागत असेल, तर डॉक्टर अनेकदा काही आठवडे इन्शुलिन देतात. घरात लगेच ‘आता शेवटची पायरी आली’ अशी कुजबुज सुरू होते. वस्तुस्थिती अशी की, फार काळ चढलेली साखर स्वतःच स्वादुपिंडाच्या पेशींना बधिर करते. ती खाली आणली की त्या पेशी काही प्रमाणात पुन्हा काम करू लागतात, आणि पुष्कळांचे इन्शुलिन पुढे कमी होते किंवा थांबतेही. मात्र दीर्घकाळ वाढलेली साखर फार झपाट्याने उतरवली, तर आधीच बिघडलेला डोळ्यांचा पडदा काही काळ आणखी बिघडू शकतो. म्हणून नवे उपचार जोरात सुरू होण्याआधी पडद्याची तपासणी करून घ्यावी. चष्म्याच्या दुकानात नंबर काढणे म्हणजे ही तपासणी नव्हे. बाहुली मोठी करून किंवा पडद्याचा फोटो काढून ती केली जाते.

खर्चाचा मुद्दा आता पूर्वीइतका बिकट राहिलेला नाही. मधुमेहाच्या औषधांपैकी सिटाग्लिप्टीनचे पेटंट २०२२ मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे २०२५ मध्ये संपल्यावर अनेक कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्या व किमती बऱ्याच उतरल्या. जनऔषधी केंद्रांतही मधुमेहाची नेहमीची औषधे मिळतात. तेव्हा महागाईमुळे गोळी सोडली असेल, तर तसे स्पष्ट सांगून त्याच घटकाची स्वस्त गोळी लिहून घ्यावी. याउलट गावोगाव विकल्या जाणाऱ्या ‘साखर मुळापासून घालवणाऱ्या’ चूर्णांवर लोक महिन्याकाठी किती पैसे घालवतात, हे मी गल्ल्यावर बसून पाहिले आहे. अशा चूर्णांत चोरून मिसळलेली अॅलोपॅथीची औषधे सापडल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत. ज्या चूर्णाने आठ दिवसांत साखर उतरते, त्याच्याविषयी म्हणूनच अधिक संशय घ्यावा.

आहाराबाबत आपल्या पुरवणीत ओट्स, किनोआ आणि ऑलिव्ह तेल यांना जी जागा मिळाली, ती वाचून थोडे हसू आले. साखर पुन्हा ताब्यात आणायला लागणारे बहुतेक सारे खानदेशी ताटात आहे. ज्वारीत अख्खे उडीद मिसळून केलेली कळण्याची भाकरी, भरीत, मेथीची भाजी, तुरीचे घट्ट वरण आणि कच्चा कांदा हे जेवण मधुमेह्याला चांगले मानवते. पण ‘ज्वारीने साखर जाते’ असे ऐकून तीन-तीन भाकऱ्या खाणारेही मी पाहतो. भाकरी ज्वारीची असली तरी ती पिष्टच आहे, आणि वजन उतरवायचे असेल तर एका भाकरीवर थांबून भरीत-वरणाचा वाटा वाढवणे भाग आहे. शेवभाजीवरचा तेलाचा तवंग आणि तुपात बुडालेली वरण-बट्टी आठवड्याच्या ताटातून महिन्याच्या ताटात जावी. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला, दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. साखरेच्या हिशेबात मात्र दोन्हींची पत सारखी नाही. रावेर-यावलकडे, जिथे घरात केळीचा घड टांगलेलाच असतो, तिथे ‘घरचीच आहेत’ म्हणून खाल्लेली केळी कोणी मोजत नाही. एखादे लहान, फार न पिकलेले केळे जेवणाच्या हिशेबात धरून खाता येते. येता-जाता खाल्लेल्या केळ्यांचा मात्र हिशेबच राहत नाही.

माझ्या दुकानाच्या अनुभवावरून सांगतो, आमच्याकडे साखर परतण्याचा एक हंगाम असतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो, सकाळी आठ वाजता रस्ता तापू लागतो आणि चालणारी मंडळी घरात बसतात. त्याच दिवसांत लग्नसराई असते आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते. लेकी माहेरी आल्या म्हणजे आमरस, पुरणपोळी आणि खापरावरचे मांडे यांना नाही म्हणणे म्हणजे लेकीलाच नाही म्हटल्यासारखे होते. पुढे श्रावणात खानदेशच्या कानबाई देवीच्या उत्सवाचे रोट येतात, जे भाऊबंदांनी मिळून संपवायचेच असतात. यातले काहीही सोडा असे मी म्हणणार नाही, म्हटले तरी कोणी ऐकणार नाही. सणाच्या एका दिवसाने साखर परतत नाही. सणाच्या निमित्ताने सुटलेली शिस्त पाऊस सुरू झाला तरी जागेवर येत नाही, म्हणून ती परतते. त्यामुळे ज्यांची साखर एकदा परतली आहे त्यांनी वर्षातली एक एचबीए१सी तपासणी आखाजीच्या आधी आणि दुसरी जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला ठेवावी. उन्हाळ्यात काय झाले ते दुसऱ्या तपासणीत कळते आणि कानबाईच्या आधी सावरायला वेळ मिळतो. चालण्याचेही तसेच आहे. मे महिन्यात पहाटे साडेपाचला बाहेर पडणे जमत नसेल, तर प्रत्येक जेवणानंतर घरातल्या घरात, ओसरीवर, दहा-पंधरा मिनिटे चालावे. जेवणानंतरची साखर त्याने चांगलीच खाली राहते. गुडघे साथ देत नसतील त्यांनी खुर्चीवर बसून-उठून मांड्यांचे स्नायू राखावेत, कारण रक्तातील साखरेचा मोठा वाटा स्नायूच उचलतात.

उन्हाळ्याचा औषधांशीही संबंध आहे. न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे असते. उघडलेले महिनाभर घरच्या तापमानात चालते असे लिहिलेले असते, पण ते ‘घरचे तापमान’ म्हणजे भुसावळचा मे महिना नव्हे. वीज जात असेल किंवा फ्रीज नसेल, तर मोठ्या मडक्यात ओली वाळू घालून त्यात लहान मडके बसवावे आणि पिशवीत बांधलेली कुपी त्यात ठेवावी. सावलीत, वाऱ्याला ठेवलेले असे मडके बरेच गार राहते. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची डबी मोटारसायकलच्या डिकीत विसरू नये, उष्णतेने पट्ट्या खराब होऊन आकडे चुकतात. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात आणि तिच्याबरोबर पाणीही जाते. म्हणून उलट्या-जुलाब, ऊन लागणे किंवा कडक उपवास अशा वेळी त्या चालू ठेवाव्यात की थांबवाव्यात, हे आधीच विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावे.

शेवटी एक सूचना. गणेशोत्सवात, जयंत्यांना आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसांना आमच्याकडे मधुमेह तपासणी शिबिरे भरतात. बोट टोचले जाते, आकडा एका चिठोऱ्यावर लिहून दिला जातो, फोटो निघतो आणि आपल्या दैनिकात ‘इतक्या नागरिकांनी लाभ घेतला’ अशी बातमी येते. तो चिठोरा पुढे कुठे जातो, हे कोणी पाहत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत. त्यांत नव्यांचा शोध घेणे आवश्यक आहेच, पण माहीत असलेल्या आणि वाटेत सुटलेल्या रुग्णांना पुन्हा धरणे अधिक सोपे आहे. आयोजकांनी नावे व फोन नंबर जपून ठेवावेत, जुन्या रुग्णांची वेगळी रांग करावी, त्यांना गोळ्या कधी व का बंद झाल्या एवढे तरी विचारावे, आणि तीन महिन्यांनी त्याच माणसांसाठी, त्याच जागी, एचबीए१सी व डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीचे दुसरे शिबिर घ्यावे. जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातील कर्मचारी तीस वर्षांवरील लोकांची मधुमेह तपासणी करतातच; त्यांच्या नोंदींशी ही यादी जुळवता येईल. आपल्या दैनिकाने शिबिराची बातमी देताना दुसऱ्या शिबिराची तारीख विचारावी, आणि पुढल्या वर्षीच्या पुरवणीत यंदा ज्यांच्या हकिकती छापल्या त्यांची साखर आता किती आहे, हे त्यांची संमती घेऊन छापावे. ज्यांची वाढली असेल त्यांना वगळू नये.

आपला,
एक निवृत्त औषधविक्रेता,
चोपडा, जि. जळगाव